स्क्रीन काळी पडली, तरी संगणक जिवंत असतो

ताप हा आजार नसून लक्षण आहे, हे आता बहुतेक घरांत माहीत झाले आहे. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, साधे सर्दी-पडसे, सगळ्यांत ताप येतो. म्हणून डॉक्टर आधी विचारतात: कधीपासून आहे, थंडी वाजून येतो का, लघवीला जळजळ होते का. उत्तरांवरून तपासणी ठरते आणि तपासणीवरून औषध. संगणकाच्या बाबतीत मात्र हा क्रम बऱ्याचदा उलटा होतो. रात्री नीट बंद केलेला संगणक सकाळी सुरू केला आणि स्क्रीन काळीच राहिली, की पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून टाकू.’ तापाच्या रुग्णाला न तपासता थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यावे, तसा हा प्रकार. त्यात मुलीचा प्रबंध, आजोबांचे तपासणी अहवाल, लग्नाचे फोटो सगळे पुसले जाते आणि मूळ दोष कित्येकदा तसाच राहतो.

हा विषय आता जास्त घरांत पोहोचतो आहे, त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबवला. ‘विंडोज ११’साठी सुरक्षेची विशिष्ट चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांपूर्वीचे, पण धडधाकट असलेले पुष्कळ संगणक या अटीत बसत नाहीत. अशा यंत्रांसाठी लिनक्स हा चांगला पर्याय आहे. फिनलंडमध्ये शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली आज ‘उबंटू’, ‘मिंट’, ‘डेबियन’, ‘फेडोरा’ अशा नावांनी मोफत मिळते आणि जुन्या यंत्रावरही बरी चालते. नव्याने लिनक्सकडे वळणाऱ्याला पहिली ठेच लागते ती मात्र अनेकदा चित्राच्या बाबतीत. कधी स्क्रीन काळी, कधी अक्षरे फुगलेली, कधी पट्टे, तर कधी पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पासवर्डच विचारला जातो. यातली बरीच दुखणी घरी ओळखता येतात. त्यासाठी चित्र कोणत्या वाटेने येते, एवढे समजून घ्यावे लागते.

चित्राची वाट

दृष्टी गेली की मेंदूविकारतज्ज्ञ आधी नुकसान कोणत्या जागी झाले ते शोधतात. एकाच डोळ्याला दिसत नसेल, तर दोष त्या डोळ्यात किंवा त्याच्या नसेत असतो. दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचे दिसत नसेल, तर दोन्ही नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागी दाब आला असावा; तिथे खालीच असलेल्या पीयूषिका ग्रंथीची गाठ हे त्याचे नेहमीचे कारण. दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेली असेल, तर दोष त्या जागेच्या मागे, मेंदूच्या डाव्या भागात. एमआरआय होण्याआधीच जागेचा अंदाज बांधता येतो, कारण वाट ठाऊक असते.

संगणकातील चित्राचीही अशीच वाट आहे. आपण उघडलेला प्रोग्रॅम काय दाखवायचे ते ठरवतो. सगळ्या खिडक्यांची मांडणी करणारी एक व्यवस्था असते. तिचा जुना प्रकार ‘एक्स’, जो १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुरू झाला. नवा ‘वेलँड’, ज्याचे काम २००८ मध्ये सुरू झाले. तिच्या खाली रेषा, रंग आणि त्रिमितीय आकृत्या यांचे गणित चिपला समजेल अशा भाषेत उतरवणारा ‘मेसा’ नावाचा संच. त्याच्या खाली प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, ग्राफिक्स चिपशी थेट बोलणारा ड्रायव्हर. मग चिप, केबल आणि शेवटी स्क्रीन.

या वाटेवरची रहदारी प्रचंड असते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या साध्या स्क्रीनवर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करायचे, तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचा रंग पाठवावा लागतो. यातला एखादा थर अडला, तर बाकी सगळे ठणठणीत असूनही आपल्याला काळोख दिसतो. फायली जागेवर असतात, डिस्क फिरत असते, इंटरनेटही चालू असू शकते. बिघाड फक्त चित्राच्या वाटेवर असतो आणि म्हणूनच डिस्क पुसणे हा त्यावरचा इलाज ठरत नाही.

पहिले पाच मिनिटे: नुसते पाहणे

कोणतेही बटण दाबण्याआधी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि कोणत्या टप्प्यापर्यंत चित्र दिसते ते लक्षपूर्वक पाहावे.

सुरुवातीला कंपनीचे बोधचिन्ह येते का? हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. ते चिन्ह लिनक्स सुरू होण्याआधी, यंत्रात कायम बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून येते. पण त्यासाठी चिप, केबल आणि स्क्रीन तीच वापरली जाते. म्हणजे बोधचिन्ह स्वच्छ दिसले आणि त्यानंतर काळोख झाला, तर स्क्रीन आणि केबल बहुधा निर्दोष आहेत आणि शोध ड्रायव्हरच्या दिशेने न्यायचा आहे. बोधचिन्हच येत नसेल, तर लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. मॉनिटरची वीज, त्यावर निवडलेला इनपुट, सैल झालेली केबल हे आधी पाहावे. डेस्कटॉपवर एक चूक वारंवार दिसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असते आणि केबल मात्र मदरबोर्डच्या भोकात खोचलेली असते. लॅपटॉप असेल तर खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारावा. पुसट चित्र दिसले, तर चित्र तयार होते आहे, फक्त मागचा प्रकाश गेला आहे.

पुढचा प्रश्न, काळोखातही यंत्र जागे आहे का? ‘कॅप्स लॉक’ दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का पाहावे. डोळ्याच्या बाहुलीवर प्रकाश टाकून पाहण्यासारखीच ही तपासणी आहे. दिवा प्रतिसाद देत असेल, तर गाभा बहुधा जिवंत आहे. मग ‘कंट्रोल’, ‘ऑल्ट’ आणि ‘एफ-३’ ही तीन बटणे एकदम दाबावीत. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारणारी ओळ आली, तर चित्राच्या वाटेचा खालचा भाग चालू आहे आणि दोष वरच्या थरांत आहे, असे समजावे.

तिसरी तपासणी पट्टे, ठिपके किंवा चुकीचे रंग दिसत असतील त्या वेळची. दोष दिसत असतानाच स्क्रीनचे छायाचित्र संगणकाच्याच बटणाने, म्हणजे ‘स्क्रीनशॉट’ म्हणून घ्यावे आणि ते मोबाइलवर पाठवून पाहावे. मोबाइलवरही पट्टे दिसले, तर ते चित्र बनतानाच बिघडले आहे, म्हणजे ड्रायव्हर किंवा चिपकडे बोट जाते. मोबाइलवर चित्र स्वच्छ असेल, तर चित्र बरोबर बनते आहे आणि बिघाड बहुधा पुढे, केबलमध्ये किंवा पॅनेलमध्ये आहे. एक पैसाही न लागणारी ही तपासणी पुष्कळ अनावश्यक खर्च वाचवते.

दुखणे एकीकडे, कारण दुसरीकडे

हृदयविकाराची कळ कधी कधी जबड्यात किंवा डाव्या हातात येते. तसे एक कारण इथेही आहे. पासवर्ड बरोबर टाकल्यावर क्षणभर स्क्रीन काळी होते आणि पुन्हा पासवर्डचीच चौकट येते, तेव्हा बहुतेकांचा संशय ग्राफिक्सवर जातो. अनेकदा खरे कारण असते डिस्क काठोकाठ भरलेली असणे. डेस्कटॉप सुरू होताना त्याला काही छोट्या फायली लिहाव्या लागतात. जागाच नसेल, तर तो मागे फिरतो. वर सांगितलेल्या अक्षरी स्क्रीनवर नाव आणि पासवर्ड देऊन ‘डीएफ’ ही इंग्रजी लहान अक्षरांतली दोन अक्षरी आज्ञा दिली, की कोणती डिस्क किती टक्के भरली आहे ते दिसते. शंभर टक्के असेल, तर उबंटू आणि मिंटवर ‘सुडो एपीटी क्लीन’ ही आज्ञा आधी उतरवून ठेवलेली पॅकेजेस काढून थोडी जागा मोकळी करते. डेस्कटॉप परत आल्यावर मोठ्या फायली बाहेरच्या डिस्कवर हलवाव्यात.

डिस्क मोकळी असेल, तर पासवर्डच्या चौकटीजवळच्या छोट्या दातेरी चाकाच्या चिन्हातून ‘वेलँड’ऐवजी ‘एक्स’ किंवा त्याउलट निवडून पाहावे. एकात चालले आणि दुसऱ्यात नाही, तर दोष कुठल्या थरात आहे ते समजलेच. दुसऱ्या नावाचे खाते उघडून त्यात डेस्कटॉप नीट चालला, तर ड्रायव्हर निर्दोष असून पहिल्या खात्याची एखादी मांडणी बिघडली आहे.

अद्ययावत केल्यावर का बिघडते?

‘काल अपडेट केले आणि आज बंद पडले,’ ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. त्यामागचे कारण थोडे इतिहासात आहे.

इंटेलच्या आणि एएमडीच्या चिपसाठीचे ड्रायव्हर खुले आहेत आणि कर्नेलच्याच आत येतात. इंटेलच्या बऱ्याच चिपसाठी ‘आय-९१५’, तर एएमडीच्या नव्या चिपसाठी २०१५ पासून ‘एएमडीजीपीयू’. कर्नेल बदलले की ड्रायव्हरही त्याच्याबरोबर जुळवूनच येतो. एनव्हिडियाने मात्र दीर्घकाळ आपला ड्रायव्हर बंदिस्त ठेवला. त्या कंपनीच्या चिपसाठी स्वयंसेवकांनी चिपचे वागणे बाहेरून न्याहाळून ‘नूव्हो’ नावाचा खुला ड्रायव्हर लिहिला आणि २०१० मध्ये तो कर्नेलमध्ये आला. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठातील कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोरच या कंपनीवर अत्यंत कडक शब्दांत राग काढला होता, तो याच असहकारामुळे. मे २०२२ मध्ये कंपनीने २०१८ नंतरच्या चिपसाठी ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला. जुन्या चिप त्यात बसत नाहीत.

बंदिस्त ड्रायव्हर कर्नेलच्या बाहेरून येतो. त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नेलसाठी त्याचा जोडतुकडा यंत्रावर नव्याने तयार करावा लागतो किंवा प्रणालीकडून तयार मिळावा लागतो. हे काम पार्श्वभूमीला आपोआप होते. पण मध्येच वीज गेली, डिस्क भरली किंवा ड्रायव्हर फार जुना असला, तर तुकडा अर्धवट राहतो. दुसऱ्या दिवशी नवे कर्नेल सुरू होते आणि त्याला ड्रायव्हर सापडत नाही. आणखी एक अडथळा ‘सिक्युअर बूट’ या सुरक्षा सोयीचा. ती चालू असेल, तर ओळखीची सही नसलेला तुकडा कर्नेल आत घेत नाही. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुन्हा सुरू करताना निळ्या स्क्रीनवर तोच विचारतात, ते या सहीसाठी. घाईत ती निळी स्क्रीन पुढे ढकलली, की ड्रायव्हर बसला असूनही बाहेरच राहतो.

डेबियन वापरणाऱ्यांना वेगळा अनुभव येत असे. चिपमध्ये सुरुवातीला भरावा लागणारा छोटा बंदिस्त प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, तत्त्व म्हणून अधिकृत संचात दिला जात नसे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तो संचातच मिळू लागला. जुन्या आवृत्तीवर स्क्रीन काळी राहण्यामागे हेही कारण असू शकते.

प्रथमोपचार

पहिला उपाय सर्वांत सौम्य आहे, कारण त्यात काहीच बदलत नाही. जुने कर्नेल निवडणे. बोधचिन्ह जाताच ‘एस्केप’ एकदाच दाबावे. फार जुन्या यंत्रांवर ‘शिफ्ट’ दाबून धरावे. समोर यादी येते. तिच्यातील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीची कर्नेल क्रमांकासह दिसतात. एक पायरी मागची निवडावी. डेस्कटॉप आला, तर निदान जवळजवळ झालेच: नव्या कर्नेलचे आणि ड्रायव्हरचे जुळलेले नाही.

तेही न चालल्यास दुसरा उपाय. त्याच यादीतील पहिल्या ओळीवर ‘ई’ हे अक्षर दाबले की काही ओळी उघडतात. ‘लिनक्स’ या इंग्रजी शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या अगदी शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द इंग्रजीत, लहान अक्षरांत आणि सलग लिहावा आणि ‘एफ-१०’ दाबावे. स्क्रीनची लांबी-रुंदी ठरवण्याचे काम २००९ पासून कर्नेलमधल्या ड्रायव्हरकडे आले. या शब्दाने त्याला ते काम करू नकोस असे सांगितले जाते आणि प्राथमिक, साध्या चित्रावर यंत्र सुरू होते. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो.

याला सलाइन समजावे, उपचार समजू नये. चित्राचे सगळे गणित आता मुख्य प्रोसेसर करतो. त्यामुळे व्हिडिओ अडखळतो, लॅपटॉप तापतो, प्रकाश कमी-जास्त करण्याची बटणे चालेनाशी होतात, दुसरा मॉनिटर ओळखला जात नाही. ‘चालते आहे ना’ म्हणून हा शब्द कायमचा लिहून ठेवणारे पुष्कळ आहेत आणि मग ‘लिनक्स फार हळू आहे’ अशी तक्रार तेच करतात. या स्थितीत यंत्र सुरू झाले, की पहिले काम महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेणे. यंत्र सुरूच होत नसेल, तर लिनक्सचा संच भरलेल्या पेनड्राइव्हवरून ते सुरू करता येते. ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘ट्राय’ निवडले, की डिस्कला धक्का न लावता फायली काढून घेता येतात. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर चित्र उत्तम दिसले, तर चिप आणि स्क्रीन शाबूत असल्याचा तो आणखी एक पुरावा.

रोजनिशी वाचा, मग औषध द्या

लिनक्स स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेपुढे ‘वजा बी’ आणि ‘वजा १’ दिले, की मागच्या वेळी, म्हणजे स्क्रीन काळी पडली त्या वेळी, काय घडले ते वाचता येते. हजारो ओळींत घाबरून जाण्याचे कारण नाही. ड्रायव्हरचे नाव आणि त्याच्या आसपास ‘फेल्ड’, ‘फर्मवेअर’ किंवा सही नाकारल्याचा उल्लेख असलेल्या ओळी शोधायच्या. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेपुढे ‘वजा के’ दिले, तर कोणती चिप आहे आणि सध्या कोणता ड्रायव्हर तिला सांभाळतो आहे ते कळते. या दोन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. पुढचा प्रत्येक निर्णय त्यांवर ठरतो.

उपचारात तीन पथ्ये आहेत. एक, ड्रायव्हर प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावा. उबंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ आणि मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ हे काम करतात आणि शिफारस केलेला पर्याय दाखवतात. कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल उतरवून वरून बसवली, तर पुढच्या अपडेटला तिची खबर नसते आणि भांडण होते. दोन, एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे. पाच औषधे एकदम दिली, तर गुण कशाने आला आणि पुरळ कशाने उठले, दोन्ही कळत नाही. तीन, कुणीतरी सांगितलेली लांबलचक आज्ञा अर्थ न कळता चिकटवू नये. विशेषतः तिच्यात ‘सुडो’ असेल, तर ती यंत्रात काहीही बदलू शकते. मिंटमधील ‘टाइमशिफ्ट’ने प्रणालीची नोंद आधीच घेऊन ठेवली असेल, तर चुकीच्या प्रयोगानंतर मागे येता येते. मात्र त्यात सहसा प्रणालीच्याच फायली असतात. घरच्या फायलींची प्रत वेगळी ठेवावी लागते.

जुन्या एनव्हिडिया कार्डांच्या मालकांनी एक वास्तव स्वीकारावे. त्या पिढ्यांसाठीचे बंदिस्त ड्रायव्हर कंपनीने सांभाळणे थांबवले आहे. ३४० आणि ३९० या क्रमांकांच्या मालिका त्यांपैकीच. नव्या कर्नेलवर ते जबरदस्तीने बसवण्यात आठवडा घालवण्यापेक्षा ‘नूव्हो’ वापरावा किंवा मदरबोर्डवर इंटेलची चिप असेल तर केबल तिच्याकडे वळवावी. लिहिणे, वाचणे, इंटरनेट एवढ्यासाठी ते पुरते.

काळोख नाही, पण डोळे दुखतात

चित्राचा दोष नेहमी काळोखाच्याच रूपात येतो असे नाही. स्क्रीन चालू असते, कामही होते, पण संध्याकाळी डोळे चुरचुरतात, कपाळ दुखते. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून तपासणी होते, नंबर तोच निघतो. अशा वेळी ‘सेटिंग्ज’मधील ‘डिस्प्ले’ हे पान एकदा उघडून पाहावे.

एलसीडी स्क्रीनचे ठिपके घडवतानाच ठरलेले असतात. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या स्क्रीनवर १०२४ गुणिले ७६८चे चित्र ताणून बसवले, तर प्रत्येक अक्षराची कड पुसट होते आणि डोळे ती पुसट कड स्पष्ट करण्याच्या निष्फळ खटपटीत राहतात. मॉनिटर आपली मापे एका छोट्या ओळखपत्राद्वारे संगणकाला कळवतो. जुन्या १५ पिनांच्या केबलमध्ये १२ आणि १५ क्रमांकांच्या पिना या निरोपासाठी असतात. त्यातली एक वाकली, तरी चित्र दिसते, पण ओळखपत्र पोहोचत नाही आणि संगणक अंदाजाने लहान माप निवडतो. म्हणजे ड्रायव्हर बदलण्याआधी केबल बदलून पाहणे शहाणपणाचे.

दुसरी नोंद ताजेपणाची, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलते याची. मोठ्या ‘फोर-के’ स्क्रीनला जुनी एचडीएमआय जोडणी असेल, तर ६०ऐवजी सेकंदाला ३० चित्रेच जातात. माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो, मजकूर सरकवताना तुटतो. तिसरी गोष्ट प्रकाशाची. ड्रायव्हर नीट नसल्याने प्रकाशाची बटणे चालत नसतील, तर अंधाऱ्या खोलीतही स्क्रीन पूर्ण तेजाने जळत राहते.

हे सगळे ठीक करूनही डोळ्यांचे मूळ नियम बदलत नाहीत. एरवी माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो; स्क्रीनकडे टक लावली की हे प्रमाण बरेच घटते आणि डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहण्याची सवय, स्क्रीन हातभर अंतरावर आणि नजरेच्या किंचित खाली ठेवणे, हे सगळ्यांनाच लागू आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसायला त्रास होतो तो ड्रायव्हरने सुटत नाही. त्यासाठी नेत्रतपासणीच हवी. मधुमेह असलेल्यांनी तर धूसर दिसण्याचा दोष स्क्रीनवर ढकलून तपासणी लांबवू नये.

एका लक्षणाकडे मात्र ताबडतोब लक्ष द्यावे. बिघडलेल्या ड्रायव्हरमुळे पूर्ण स्क्रीन वेगाने उघडझाप करू लागली, तर प्रकाशाने झटके येणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांना ती धोक्याची ठरू शकते. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळांची उघडझाप अशा व्यक्तींत झटका आणू शकते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्टून मालिकेतील लाल-निळ्या झगमगाटानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. घरात असा रुग्ण असेल, तर दुरुस्तीचे काम दुसऱ्याने करावे. अचानक उघडझाप सुरू झाली, तर रुग्णाने तळहाताने एक डोळा पूर्ण झाकून मान वळवावी. दोन्ही डोळे नुसते मिटल्याने प्रकाश पापण्यांतून आत येतोच.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना

काही दोष घरी सुटणारे नसतात. बोधचिन्हावरच पट्टे दिसणे, पेनड्राइव्हवरून सुरू करूनही तेच ठिपके येणे, यंत्र तापल्यावरच चित्र विस्कटणे ही बहुधा यंत्रसामग्रीच्या बिघाडाची लक्षणे आहेत. तेव्हा तंत्रज्ञ गाठावा, पण जाताना रुग्ण जुने कागद घेऊन जातो तशी एक चिठ्ठी न्यावी. चिप कोणती, प्रणाली आणि कर्नेल कोणते, चित्र कोणत्या टप्प्यापर्यंत दिसते, त्याआधी काय बदलले होते आणि बाहेरच्या मॉनिटरवर काय दिसते. शेवटी ठळक अक्षरांत लिहावे: ‘फायलींची प्रत घेतल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’

संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचऱ्यावरील अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातील जेमतेम २२ टक्क्यांचे रीतसर संकलन आणि पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला कितीतरी माल उघड्यावर जाळला किंवा हाताने फोडला जातो. जुन्या एलसीडी मॉनिटरच्या दिव्यांत पारा असतो, सर्किटच्या सांध्यांत शिसे असते आणि शिशाची सर्वांत मोठी किंमत लहान मुलांचा वाढता मेंदू मोजतो. केवळ ड्रायव्हर न जुळल्याने भंगारात गेलेला लॅपटॉप याच ढिगात पडतो. म्हणून लिनक्स घातलेल्या प्रत्येक जुन्या संगणकाजवळ तीन गोष्टी असाव्यात: लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह, फायलींची ताजी प्रत आणि चिपचे नाव लिहिलेला कागद. स्क्रीन चालू आहे तोवरच ही तयारी करून ठेवणे सोपे जाते.